उत्तराखाली साल आणि आधारही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात दर आठवड्याला स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी सामान्य ज्ञानाचे सराव प्रश्न प्रसिद्ध होतात आणि त्याच पानाच्या तळाशी त्यांची उत्तरे दिलेली असतात. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे आणि वाचनालयाला जोडलेल्या अभ्यासिकेची व्यवस्थाही माझ्याकडेच आहे. पोलीस भरती, सरळसेवा, लोकसेवा आयोगाच्या गट ब व गट क च्या परीक्षा यांची तयारी करणारी मुले-मुली आपल्या सदरातील उत्तरे वहीत उतरवून घेतात, काही जण कात्रणेच चिकटवतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत त्यांची उजळणी करतात. या सदराविषयी, आणि त्या निमित्ताने सामान्य ज्ञानाच्या सरावाच्या एकूण रीतीविषयी, माझी एक मागणी आहे. प्रत्येक उत्तराखाली ते कोणत्या सालचे आहे आणि कोणत्या आधारावर दिले आहे, हे एका ओळीत छापावे. मागणी किरकोळ वाटण्याचा संभव आहे, म्हणून ती का करावीशी वाटली हे थोडे विस्ताराने लिहितो.

महाराष्ट्राच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी किती, हा प्रश्न भरतीच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नसंचात सापडतो. शाळेच्या भूगोलावर वाढलेला उमेदवार ७२० किलोमीटर असे बिनदिक्कत सांगतो आणि बहुतेक मार्गदर्शकांतही तोच आकडा असतो. केंद्र सरकारच्या जुन्या कोष्टकात मात्र हाच किनारा ६५२.६ किलोमीटरचा होता. पुढे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात देशाच्या किनाऱ्याची एकूण लांबी ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटर झाली आणि महाराष्ट्राचा आकडा ८७७.९७ किलोमीटरवर गेला. समुद्र पुढेमागे सरकल्यामुळे हे झालेले नाही. जुनी मोजणी एकास पंचेचाळीस लाख या प्रमाणाच्या नकाशावरची होती, नवी एकास अडीच लाख या प्रमाणावरची आहे. नकाशा जितका बारकाईचा, तितकी किनाऱ्याची वळणे मापात अधिक येतात, आणि कोकणासारख्या खाड्यांनी जागोजाग कातरलेल्या किनाऱ्यावर हा फरक मोठा पडणारच. म्हणजे एकाच प्रश्नाला तीन उत्तरे चलनात आहेत आणि त्यांतील प्रत्येक उत्तर कोणत्या ना कोणत्या अधिकृत वा पाठ्यपुस्तकी आधाराचे आहे. ज्या उमेदवाराला हे कारण ठाऊक आहे तो प्रश्नाची भाषा आणि दिलेले पर्याय पाहून निर्णय घेऊ शकतो. ज्याने केवळ ‘७२०’ एवढेच घोकले आहे, तो पर्यायांत ७२० दिसला नाही की प्रश्नच चुकीचा आहे असे समजून पुढे जातो, आणि ७२० व ६५२.६ दोन्ही दिसले तर गोंधळतो. प्रश्न काढणाऱ्याने ‘गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार’ एवढे चार शब्द लिहिले असते तर हा सगळा घोळ टळला असता, हेही खरे.

जनगणनेच्या आकड्यांची गोष्ट याहून बिकट आहे, कारण तेथे दोन्ही उत्तरांवर ‘२०११ ची जनगणना’ असाच शिक्का असतो. २०११ मध्ये आधी तात्पुरते आकडे जाहीर झाले आणि पुढे अंतिम आकडे आले. महाराष्ट्राची साक्षरता तात्पुरत्या आकड्यांत ८२.९१ टक्के होती, अंतिम आकड्यांत ती ८२.३४ टक्के झाली. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ९२५ होती ती ९२९ ठरली. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांमधील प्रमाण ८८३ वरून ८९४ वर गेले. देशाची साक्षरता ७४.०४ टक्क्यांवरून ७३ टक्क्यांपर्यंत उतरली. तात्पुरते आकडे बाहेर पडले त्या वर्षी ज्या लेखकांनी घाईघाईने पुस्तके काढली, त्यांच्या पुस्तकांत ते आकडे राहिले. त्या पुस्तकांवरून पुढची पुस्तके निघाली, त्यांवरून पीडीएफ निघाल्या आणि आज पंधराएक वर्षांनंतरही टेलिग्रामवरच्या ‘महाराष्ट्र जनगणना महत्त्वाचे प्रश्न’ अशा मथळ्याच्या संचांत दोन्ही प्रकारचे आकडे एकमेकांत मिसळून फिरत आहेत. आमच्या अभ्यासिकेत एकाच टेबलावर समोरासमोर बसलेल्या दोन मुली यावरून वाद घालतात आणि दोघींच्या हातातील छापील पुस्तके दोघींच्या बाजूने साक्ष देतात. अशा वेळी अंतिम आकडाच प्रमाण मानायचा हे सांगणे सोपे आहे. पण आपल्या पुस्तकातला आकडा तात्पुरता आहे की अंतिम, हे पुस्तकाने सांगितलेलेच नसेल तर मुलीने ते कोठून ओळखावे?

आकड्यांपेक्षाही कायद्याच्या प्रश्नांत सालाचे महत्त्व अधिक आहे. सरपंचाची निवड कशी होते, हा पंचायत राज या घटकातला अगदी प्राथमिक प्रश्न. २०१७ पूर्वी उत्तर होते, निवडून आलेल्या सदस्यांमधून. २०१७ च्या दुरुस्तीने सरपंच थेट गावातील मतदारांकडून निवडला जाऊ लागला. २०२० मध्ये सरकार बदलल्यावर ती तरतूद रद्द होऊन निवड पुन्हा सदस्यांकडे गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा एकदा थेट निवडणूक आली. पाच वर्षांच्या आत एका प्रश्नाचे उत्तर तीनदा उलटले. त्यामुळे २०१६ ची, २०१८ ची आणि २०२१ ची प्रश्नपत्रिका एकापाठोपाठ सोडवणाऱ्या उमेदवाराला दोन परस्परविरोधी उत्तरे आलटून-पालटून ‘बरोबर’ म्हणून भेटू शकतात. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवणे हा सरावाचा सर्वांत चांगला मार्ग आहे असे मी स्वतः मुलांना सांगतो, आणि तो आहेच; परंतु त्या प्रश्नपत्रिकांच्या संकलनात उत्तराशेजारी ‘हे उत्तर त्या वेळच्या कायद्याप्रमाणे’ असा शेरा कोठेही नसतो. ज्या पदांसाठी ही मुले धडपडतात त्यांची नावेसुद्धा आता बदलली आहेत. तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आहे आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. बाजारातील पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मात्र अजून तलाठीच विराजमान आहे, कारण त्या नावाने पुस्तक खपते.

पोलीस भरतीच्या मुलांची अडचण तर मला विशेष जाणवते. त्यांची पहाट मैदानावर गोळाफेक आणि सोळाशे मीटरच्या धावण्यात जाते, दुपारी अनेक जण शेतात किंवा दुकानात राबतात आणि अभ्यासाला संध्याकाळचे दोन-तीन तास उरतात. शारीरिक चाचणीत टिकलेल्यांनाच लेखी परीक्षेला बसता येते आणि त्या १०० गुणांच्या, ९० मिनिटांच्या परीक्षेत गणित, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरणाबरोबर सामान्य ज्ञान असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे आली; खुनाच्या शिक्षेचे ३०२ कलम आता १०३ आहे, फसवणुकीचे प्रसिद्ध ४२० आता ३१८ मध्ये गेले आहे, चोरीचे ३७९ आता ३०३ आहे. प्रथम माहिती अहवाल पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ खाली नोंदवला जाई, तो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली नोंदवला जातो. शिक्षेच्या प्रकारांत समाजसेवा हा नवा प्रकार आला. दीडशे वर्षांहून अधिक काळ जे आकडे लोकांच्या बोलण्यात मुरले होते ते एका दिवसात जुने झाले.

मात्र ‘जुने झाले’ म्हणजे ‘चूक झाले’ असे नव्हे, आणि सरावाच्या पुस्तकांतून हाच बारकावा निसटतो. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू आहे. म्हणजे उद्या ज्या मुलाची शिपाई म्हणून निवड होईल, त्याला पोलीस ठाण्यात पहिली कित्येक वर्षे दोन्ही आकड्यांशी व्यवहार करायचा आहे. पुस्तकात ‘खुनाबद्दल शिक्षा – कलम १०३’ असे नुसते छापणे त्याला पुरेसे नाही, ‘भारतीय न्याय संहिता, २०२३, कलम १०३, १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यासाठी भारतीय दंड संहिता, कलम ३०२’ अशी ओळ छापली तर एका प्रश्नात परीक्षेचेही काम होते आणि नोकरीचेही. जागा जास्त लागते हे मान्य. पण एका पानावर शंभर प्रश्न कोंबण्याऐवजी साठ छापले तर बिघडले कोठे?

काही उत्तरे अशीही आहेत की ज्यांना कोणत्याच साली आधार नव्हता, तरी ती पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली जात आहेत. भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी, हे त्यांतले सर्वांत लाडके. कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेले नाही, असे क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्येच माहिती अधिकारातील अर्जाला उत्तर देताना सांगितले आहे. राष्ट्रभाषा हिंदी, हे दुसरे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याची राजभाषा हिंदी असे म्हटले आहे, राष्ट्रभाषा असा शब्द तेथे नाही. आधार लिहिण्याची सवय असती तर असली उत्तरे छापखान्यापर्यंत पोचलीच नसती, कारण कंसात काय लिहावे हे शोधायला गेल्याबरोबर लेखकाच्याच लक्षात आले असते की लिहिण्यासारखे काही नाही. इतिहासातील तिथींचेही असेच आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ मधला असे जुन्या पुस्तकांत आढळते. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानली आहे आणि परीक्षेसाठी तीच धरायची, हे सांगताना ‘शासनमान्य’ एवढा एक शब्द उत्तरापुढे लिहिला तर विद्यार्थ्याला वाद कोठे आहे आणि उत्तर कोणते द्यायचे या दोन्ही गोष्टी कळतात.

आता सरावाच्या पद्धतीविषयी. ‘वन-लायनर’ नावाचा जो प्रकार सध्या बोकाळला आहे त्यात प्रश्न आणि उत्तर एका ओळीत असतात, पर्यायही नसतात. मुलांना तो आवडतो कारण तासाभरात दोनशे ओळी ‘वाचून होतात’. माझ्या पाहण्यात मात्र ज्यांची निवड झाली त्यांतील बहुतेकांची रीत याच्या उलट होती. ती मुले एका प्रश्नावर पंधरा-पंधरा मिनिटे खर्च करीत. ‘केसरी’चे पहिले संपादक कोण, हा नेहमीचा प्रश्न घ्या. पर्यायांत टिळक, आगरकर, चिपळूणकर आणि नामजोशी असतात. उत्तर आगरकर, हे सर्वांना पाठ असते. पण बाकीचे तिघे पर्यायांत का घातले आहेत, याचा शोध घेतला की एक संपूर्ण दशक उलगडते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. १८८१ च्या जानेवारीत इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’ एकापाठोपाठ निघाले, ‘केसरी’ आगरकरांकडे आणि ‘मराठा’ टिळकांकडे. कोल्हापूरच्या दिवाणांविषयीच्या मजकुरावरून बदनामीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये दोघांनीही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय, मग सामाजिक सुधारणा आधी की राजकीय या प्रश्नावर मतभेद, आगरकरांचे ‘केसरी’तून बाहेर पडणे आणि १८८८ मधला ‘सुधारक’. ही साखळी एकदा मनात बसली की ‘घटनांचा योग्य क्रम लावा’, ‘जोड्या लावा’, ‘पुढीलपैकी अयोग्य विधान ओळखा’ अशा निदान दहा प्रश्नांची तयारी एका प्रश्नात होते. हे करण्यासाठी उमेदवाराला उत्तरापासून मूळ मजकुरापर्यंत जाता आले पाहिजे, आणि त्या वाटेवरची पहिली खूण म्हणजे उत्तराखाली दिलेला आधार.

मूळ मजकूर महाग असतो किंवा पुण्यालाच मिळतो, अशी एक समजूत ग्रामीण भागात घट्ट आहे. सदाशिव पेठेत खोली घेतली, शास्त्री रस्त्यावरच्या अभ्यासिकेत नाव घातले आणि अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांची पिशवी भरून आणली म्हणजेच अभ्यासाला आरंभ झाला, असे पालकही मानतात. प्रत्यक्षात बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, मराठी विश्वकोशाच्या नोंदी विनामूल्य आहेत, अर्थसंकल्पाआधी प्रसिद्ध होणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मराठीतून विनामूल्य मिळते, आणि आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका व अंतिम उत्तरतालिका आयोगाच्याच संकेतस्थळावर आहेत. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. उणीव आहे ती ‘हे उत्तर तेथे शोध’ असे सांगणाऱ्या एका ओळीची.

ग्रंथपाल म्हणून प्रकाशकांबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली आमच्यासारख्या मान्यताप्राप्त वाचनालयांना जे अनुदान मिळते त्यातून दरवर्षी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर बरीच रक्कम खर्च होते, कारण मागणीच तशी असते. ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून घेतलेल्या पुस्तकाची जुन्या आवृत्तीशी पानोपान तुलना केली तर पुष्कळदा मुखपृष्ठ, शेवटचे चालू घडामोडींचे प्रकरण आणि किंमत एवढेच सुधारलेले आढळते. आत औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्हे तसेच असतात, शेवटच्या प्रकरणात मात्र छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी नावे झाल्याची बातमी असते. एकाच पुस्तकाच्या दोन टोकांना दोन नकाशे. काळजीपूर्वक काम करणारे प्रकाशकही आहेत, त्यांना हे लागू नाही. पण कोणत्या प्रकरणातील माहिती कोणत्या महिन्यापर्यंत अद्ययावत आहे, हे प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर छापण्याची पद्धत मी अजून फारशी पाहिलेली नाही. गोळ्यांच्या पाकिटावरसुद्धा मुदतीची तारीख असते.

परीक्षा घेणाऱ्या यंत्रणांनाही या बाबतीत जबाबदारी झटकता येणार नाही. लोकसेवा आयोग आधी पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, उमेदवारांकडून हरकती मागवतो आणि तज्ज्ञांचे मत घेऊन अंतिम उत्तरतालिका काढतो. ही पद्धत चांगली आहे आणि सरळसेवेच्या संगणकीय परीक्षांतही ती आता रुळली आहे. हरकत घेणाऱ्या उमेदवाराने प्रमाणभूत संदर्भाचा पुरावा जोडावा अशी अपेक्षा असते. काही परीक्षांत प्रश्नागणिक शुल्कही भरावे लागते. परंतु अंतिम उत्तरतालिकेत एखादे उत्तर बदलले किंवा प्रश्न रद्द झाला तर तेवढेच कळते. कोणत्या आधारावर बदलले, का रद्द झाला, हे कळत नाही. उमेदवाराकडून आधार मागायचा आणि आपण मात्र द्यायचा नाही, हा व्यवहार एकतर्फी आहे. तलाठी भरतीच्या २०२३ च्या परीक्षेला साडेचार हजारांच्या आसपास पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते आणि अर्जाचे शुल्क खुल्या प्रवर्गाला एक हजार, राखीव प्रवर्गाला नऊशे रुपये होते. अशा गर्दीत एका प्रश्नाच्या गुणांवर शेकडो उमेदवार वर-खाली होतात. आयोगाच्या परीक्षांत तर चार चुकीच्या उत्तरांमागे एका बरोबर उत्तराचे गुण जातात. त्यामुळे चुकीच्या पुस्तकावर विश्वास ठेवून दिलेले उत्तर कोऱ्या जागेपेक्षा महाग पडते.

सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणात या विषयाचा पाया घालून दिला आहे. वैद्यकीय प्रवेश परीक्षेतील काही प्रश्नांची उत्तरतालिका चुकीची असल्याची ती तक्रार होती. उत्तरतालिका बरोबर आहे असेच गृहीत धरायचे आणि ती उघड उघड चूक असल्याचे सिद्ध झाले तरच ती बाजूला ठेवायची, असे न्यायालयाने म्हटले. पण त्याच प्रकरणात मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तके विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलत होती म्हणून निकालही विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला. प्रश्न काढणाऱ्यांनी दिलेली उत्तरे तपासून घेण्याची पद्धत ठरवावी, संदिग्ध प्रश्न गुणांकनातून वगळावेत, अशा सूचनाही न्यायालयाने केल्या. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये रणविजय सिंह प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की शंका असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळेल, उमेदवाराला नाही. कायद्याची ही भूमिका समजण्यासारखी आहे. प्रत्येक भरती वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून पडावी असे कोणालाच वाटणार नाही. परंतु शंकेचा फायदा ज्या संस्थेला मिळतो, तिने आपल्या प्रत्येक बदललेल्या आणि रद्द केलेल्या उत्तरापुढे एक ओळीचे कारण लिहावे, ही अपेक्षा मुळीच जास्त नाही. ही कारणे प्रसिद्ध झाली तर पुढच्या वर्षीच्या उमेदवारांना त्याहून चांगले सराव साहित्य दुसरे मिळणार नाही, आणि प्रश्न काढणारेही ‘कोणत्या अहवालानुसार’ हे शब्द प्रश्नातच लिहू लागतील.

यावर एक आक्षेप येईल व तो मी अभ्यासिकेतील मुलांकडूनच ऐकतो. परीक्षेत प्रश्न एका ओळीचा येतो, उत्तराला तीस-चाळीस सेकंद मिळतात, तेथे साल आणि आधार सांगायला कोण विचारतो? शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा खोलात जायचे ते त्यांनी जावे. आक्षेपात तथ्य आहे. राज्यसेवेची पूर्व परीक्षा, गट ब व क, पोलीस भरती आणि सरळसेवा येथे अजूनही चार पर्यायांतून एक गोल काळा करायचा किंवा एका बटणावर टिचकी मारायची असते. तरीही मी म्हणेन की साल आणि आधार यांचा उपयोग परीक्षेच्या त्या चाळीस सेकंदांत व्हायचा नसून तयारीच्या महिन्यांत व्हायचा आहे. परस्परविरोधी दोन उत्तरे समोर आल्यावर त्यांतले नवे कोणते आणि जुने कोणते हे ओळखण्यात, गटात वाद घालण्यात आणि शेवटी कोणातरी ‘सरां’ना व्हॉट्सॲपवर विचारण्यात या मुलांचा जो वेळ जातो, तो कोणत्याही वेळापत्रकात धरलेला नसतो. ज्यांना वर्गाचे शुल्क परवडते त्यांना विचारायला निदान कोणी असते. घरकाम आवरून दुपारी दोन तास अभ्यासिकेत येणाऱ्या, भावाने तीन वर्षांपूर्वी वापरलेले पुस्तक घेऊन बसणाऱ्या सुनेला तेही नसते.

हे सर्व आताच लिहिण्याचे एक विशेष कारण आहे. पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत लोकसंख्या, घनता, साक्षरता, लिंग गुणोत्तर, जिल्ह्यांचे क्रम अशी सामान्य ज्ञानातील शेकडो उत्तरे एकदम बदलतील, आणि तीही बहुधा मागच्याप्रमाणे दोन टप्प्यांत: आधी तात्पुरती, नंतर अंतिम. २०११ चे अंतिम, नवे तात्पुरते आणि नवे अंतिम अशा तीन तऱ्हांचे आकडे एकाच वेळी बाजारात असतील. त्याआधी साल व आधार लिहिण्याची शिस्त लागली नाही तर आजचा घोळ तिपटीने वाढेल.

म्हणून आपल्याला विनंती अशी की, आपल्या सदरात उत्तरे देताना पुढील धाटणी अवलंबावी. ‘सरपंचाची निवड – थेट मतदारांकडून (महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, २०२२ ची दुरुस्ती).’ ‘महाराष्ट्राची साक्षरता – ८२.३४ टक्के (जनगणना २०११, अंतिम आकडे).’ ‘महाराष्ट्राचा समुद्रकिनारा – ८७७.९७ कि.मी. (केंद्रीय गृह मंत्रालय, वार्षिक अहवाल २०२३-२४, पाठ्यपुस्तकात ७२० कि.मी.).’ प्रश्नांची संख्या त्यामुळे कमी करावी लागली तरी चालेल. यापूर्वी छापलेले एखादे उत्तर बदलले असेल किंवा चुकले असेल, तर महिन्यातून एकदा त्याच जागी ‘बदललेली उत्तरे’ अशी छोटी चौकट द्यावी. जिल्ह्याची नावे, कायद्याची कलमे आणि पदांवरील व्यक्ती यांसाठी ती चौकट भरायला मजकूर कमी पडणार नाही. आमच्या वाचनालयात हे पान फलकावर लावले जाते. चौकट सुरू झाल्यास तिची कात्रणे महिन्यावार फाइल करून अभ्यासिकेत ठेवण्याची व्यवस्था आम्ही करू, आणि उमेदवारांना आढळलेल्या चुका आधारासह आपल्याकडे पाठवत राहू.

आपला,
एक ग्रंथपाल
(तालुका सार्वजनिक वाचनालय, जि. सांगली)